प्रार्थना कोणाची? मुलाची की शाळेची?

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान खांडबारा हे छोटे स्थानक लागते. गाव नवापूर तालुक्यातले. आसपासच्या पाड्यांवरची मुले शिकायला इथे येतात. समजा, अशा गावातील एका शाळेत चाळीस मुलांचा एक वर्ग आहे. वर्ग आम्ही कल्पनेने उभा केला आहे, पण त्या भागात शिकवणाऱ्या शिक्षकांना तो ओळखीचा वाटेल.

या वर्गातील एका मुलीच्या घरी याहामोगीला मानतात. महाशिवरात्रीच्या सुमारास तिच्या घरची माणसे सीमेपलीकडे, गुजरातच्या सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याच्या यात्रेला जातात. दुसऱ्याच्या घरी डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो आणि नवे धान्य देवाला दाखवल्याखेरीज तोंडात घालत नाहीत. तिसऱ्याचे आईवडील ख्रिस्ती, रविवारी चर्चमध्ये जाणारे. चौथ्याचे आजोबा माळकरी. पाचवीच्या वडिलांचे बाजारात दुकान आहे आणि घरी नमाज होते. सहाव्याचे वडील बौद्ध, नोकरीनिमित्त विदर्भातून आलेले. घंटा होते, मुले रांगेत उभी राहतात आणि आज्ञा येते : "हात जोडा, डोळे मिटा."

या चार शब्दांचा विचार आपण शिक्षक सहसा करीत नाही, कारण आपल्याही लहानपणी ते असेच कानावर पडले होते. या लेखात त्यांचे परीक्षण करावयाचे आहे. देव आहे की नाही, हा येथे प्रश्न नाही. शाळेने मुलांकडून प्रार्थना करवून घ्यावी का, आणि मुलाने स्वतः केलेल्या प्रार्थनेला शाळेत जागा असावी का, हे दोन प्रश्न आहेत. ते वेगळे आहेत, आणि वादात बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतो.

शिस्तीचा युक्तिवाद

प्रार्थनेच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे शिस्त आणि एकाग्रता. प्रार्थनेने मुले शांत होतात, पहिल्या तासाला मन लागते, असे अनेक अनुभवी शिक्षक सांगतात. त्यांचे निरीक्षण खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण निरीक्षण खरे असले तरी त्यातून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही, हे आपणच विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो.

प्रार्थनेच्या वेळी एकाच वेळी किती गोष्टी घडतात ते पाहा. धावपळ थांबते. मुले रांगेत उभी राहतात. श्वासाची लय संथ होते. सगळे मिळून एका सुरात गातात. शिक्षक समोर उभे असतात. आणि शब्दांत देवाचे नाव असते. यांपैकी मुलांना शांत करणारा घटक कोणता? कुंडीतले रोप वाढले ते खताने की पाण्याने, हे ठरवायचे तर आपण एक घटक बदलून बाकीचे तसेच ठेवतो. इथेही तसे करता येईल. एक आठवडा प्रार्थना, एक आठवडा पावसाचे किंवा शेताचे गाणे, एक आठवडा नुसते दोन मिनिटांचे मौन. पहिल्या तासाला हजेरी घेताना वर्ग किती वेळात शांत होतो, ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. असा पडताळा घेतल्याशिवाय श्रेय देवाच्या नावाला देता येत नाही, आणि ते नाकारताही येत नाही. आमचा अंदाज आहे की एकत्र गाण्याचा आणि थांबण्याचा वाटा मोठा निघेल. पण तो अंदाजच आहे.

प्रार्थनेची परीक्षा

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न विज्ञानात जुने आहेत. १८७२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी असा विचार मांडला की इंग्लंडमध्ये राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी सर्वत्र प्रार्थना होते; तिचा उपयोग होत असेल तर राजघराण्यातील माणसे इतरांपेक्षा जास्त जगली पाहिजेत. आकडे पाहता तसे दिसले नाही. पण राजाचे जगणे आणि सामान्याचे जगणे यांत इतर फरकही पुष्कळ असतात, त्यामुळे ही तुलना कच्ची होती.

अधिक काटेकोर प्रयोग अमेरिकेत झाला. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतील हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण घेतले आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हते. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि तसे त्यांना सांगितलेही गेले. शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ५९ टक्के आले. म्हणजे नकळत केलेल्या प्रार्थनेने फरक पडला नाही, आणि कळवून केलेल्या प्रार्थनेनंतर प्रमाण थोडे वाढलेले दिसले. ते योगायोगाने वाढले की काळजीने, हे या प्रयोगातून ठरत नाही.

हा प्रयोग विवेकवाद्यांच्या सभांतून विजयाच्या थाटात सांगितला जातो. तसे करणे आम्हाला पटत नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेने तिसऱ्याची जखम भरते का, एवढेच त्यात तपासले होते. परीक्षेच्या आधी डोळे मिटून आजीच्या देवाचे नाव घेणाऱ्या मुलीला त्या क्षणी धीर येतो की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे. तिला धीर येत असेल तर तो हिरावून घेण्याचे विज्ञानाला काही कारण नाही. ती प्रार्थना तिची आहे.

'सर्वांची' प्रार्थना

दुसरा युक्तिवाद असा की आमच्या शाळेतील प्रार्थना कोणत्याच एका धर्माची नाही, ती सर्वांची आहे. या म्हणण्यामागे मोठी परंपरा आहे. खानदेशालाच तिचा अभिमान असावा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. या दोघांनीही सर्व धर्मांना कवेत घेणाऱ्या प्रार्थना मराठी शाळांना दिल्या. १२९० साली ज्ञानेश्वरीच्या शेवटी आलेले पसायदान तर अवघ्या विश्वासाठी मागणे मागते. त्यांच्या हेतूविषयी आणि सौंदर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

पण खांडबाऱ्याच्या आमच्या वर्गाकडे पुन्हा पाहा. सर्वधर्मप्रार्थनेत देवाची जी नावे येतात, त्यांत त्या पहिल्या मुलीच्या याहामोगीचे नाव नसते. डोंगऱ्यादेवाचे नसते. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तरी त्यांच्या देवांचा 'सर्व' या शब्दात समावेश झालेला नाही. जनगणनेतही सहा धर्मांना स्वतंत्र नाव होते, बाकीचे सगळे 'इतर'. शिवाय हात जोडून, डोळे मिटून, स्थिर उभे राहणे हीच भक्तीची रीत, असे आपण गृहीत धरतो. ज्या घरी देवाचे काम रात्रभर वाद्याच्या तालावर, गाणे म्हणत आणि नाचत होते, तिथल्या मुलाने काय समजावे? 'देव' म्हणजे शाळेतला तो, आणि घरातले ते काहीतरी मागासलेले, असा धडा त्याला कोणी न शिकवता मिळतो. हा धडा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून तो कोणी तपासतही नाही. आणि सहाव्या मुलाच्या घरी तर कर्त्या ईश्वराला मागणे मागतच नाहीत. त्याच्या दृष्टीने नावांची यादी कितीही लांबवली तरी फरक पडत नाही.

अमेरिकेतही हाच प्रश्न आला होता. न्यू यॉर्क राज्याने सरकारी शाळांसाठी अवघ्या बावीस शब्दांची, कोणत्याही पंथाचे नाव नसलेली प्रार्थना तयार केली. ज्याला नको त्याने गप्प राहावे, अशी मुभाही होती. तरीही १९६२ मध्ये एंगेल विरुद्ध व्हिताले या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. शासनाने प्रार्थना रचून ती म्हणवून घेणे हेच मुळात त्याचे काम नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मुलांनी स्वतः प्रार्थना करण्यावर त्या निकालाने बंदी घातली नाही.

आपले संविधान काय म्हणते?

आपल्या संविधानाचा अनुच्छेद २८ प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावा. पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी त्याची स्वतःची संमती लागते, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले होते की सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एका धर्माचे शिक्षण देणे न्याय्य नाही, आणि आपलाच मार्ग खरा असे प्रत्येक धर्म म्हणत असताना ते शाळेत आणणे शांततेला धरूनही नाही.

प्रार्थना म्हणजे 'धार्मिक शिक्षण' का, यावर मतभेद आहेत. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत-हिंदी प्रार्थनेला आव्हान दिले गेले, तेव्हा हा प्रश्न घटनापीठाने ऐकावा असे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये म्हटले. सक्तीविषयी मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेने ही बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे. त्याआधी, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी पण श्रद्धेमुळे ते न गाणारी केरळमधील तीन भावंडे शाळेतून काढली गेली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदराने स्तब्ध उभे राहणे हा अपमान नव्हे, हे तत्त्व या निकालातून घ्यावे.

पण नाशिकचे शिक्षक प्रौढ होते. त्यांना कायदा ठाऊक होता, आणि न्यायालयाचे दार ठोठावता आले. आश्रमशाळेतील दहा वर्षांच्या मुलाचे काय? तो तिथेच राहतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. सकाळची प्रार्थना, जेवणाआधीचा श्लोक, संध्याकाळची प्रार्थना, यांतून सुटून घरी जाण्याची त्याला सोय नाही. आईवडील पाड्यावर असतात, किंवा मजुरीसाठी दूर गेलेले. संविधानाने मागितलेली पालकाची संमती त्यांना कधी, कोणत्या भाषेत विचारली जाते? हिंदू संस्था असो, ख्रिस्ती संस्था असो की सरकारी वसतिगृह, प्रश्न तोच आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येणार नाही.

दोष आमच्याकडेही

येथे आम्हा वैज्ञानिकांचाही हिशेब मांडला पाहिजे. आमच्यातील काहींना वाटते की प्रार्थना काढून तिच्या जागी 'मी अंधश्रद्धा मानणार नाही' अशी शपथ रोज वदवून घ्यावी. सुरात म्हटलेल्या अशा शपथेने वैज्ञानिक दृष्टिकोन येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत तो आला, पण त्याबरोबर 'शोधक बुद्धी' असाही शब्द आहे, आणि शोध समूहगान करून लागत नाही. शिवाय दसऱ्याला आमच्याच प्रयोगशाळांतील उपकरणांना हळदकुंकू लागते आणि तिथे न येणाऱ्या सहकाऱ्याकडे आम्हीही डोळे वटारतो. शाळेला उपदेश करण्याआधी हे कबूल केलेले बरे.

शिक्षकाच्या स्वतःच्या प्रार्थनेचे काय? २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका शालेय फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. विरोधी न्यायमूर्तींची शंका मात्र आम्हाला मोलाची वाटते : संघात कोण खेळणार हे ज्याच्या हाती आहे, त्याची सर्वांदेखत केलेली प्रार्थना मुलांना निव्वळ खाजगी कशी वाटेल? शिक्षकाने आपली श्रद्धा जरूर जपावी. गुण आपल्या हाती आहेत, हे मात्र विसरू नये.

मग परिपाठात काय करावे?

आमच्या सूचना साध्या आहेत. रोज दोन मिनिटे मौन ठेवावे. त्यात कोणी याहामोगीला आठवेल, कोणी येशूला, कोणी अल्लाला, कोणी गणिताला. कोणाचे डोळे मिटले आणि कोणाचे उघडे, हे शिक्षकाने पाहू नये. एकत्र गाणे जरूर असावे. ते आळीपाळीने मावची, कोकणी, भिली, अहिराणी आणि मराठी असावे. पसायदान मराठीच्या तासाला कविता म्हणून मनापासून शिकवावे. तिथे त्याचा अर्थ विचारता येतो, शंका काढता येते. धर्मांविषयीची माहिती समाजशास्त्रात द्यावी. धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे यांतला फरक सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये मान्य केला आहे. देवमोगऱ्याची यात्रा, नाताळ, आषाढी, ईद यांविषयी त्या त्या घरच्या मुलांनीच वर्गाला सांगावे. आणि आश्रमशाळेत प्रवेशाच्या वेळी पालकाला त्याच्या भाषेत विचारावे, की उपासनेविषयी तुमचे म्हणणे काय?

यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा "हात जोडा, डोळे मिटा" याऐवजी "दोन मिनिटे शांत उभे राहू या" एवढेच म्हणून पाहावे. पहिल्या रांगेतील ती मुलगी काय करते हे तिचे तिने ठरवावे.