नैतिकतेची शिडी कोणी बांधली?
मानसशास्त्रीय संशोधनातले लिंगभावाचे आणि संस्कृतीचे पूर्वग्रह

आजचा विषय मोठा आहे, त्यामुळे मी एकच उदाहरण घेणार आहे आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहणार आहे. ते उदाहरण म्हणजे लॉरेन्स कोलबर्ग यांचा नैतिक विकासाचा सिद्धांत. तुमच्यापैकी ज्यांनी बी. ए. ला किंवा बी. एड. ला मानसशास्त्र घेतलं असेल, त्यांनी तो परीक्षेत लिहिलेला असणार. तीन स्तर, सहा पायऱ्या. मी स्वतः तो बरीच वर्षं शिकवला आहे, आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिथूनच सुरुवात करते.

हाइन्झचा पेच तुम्हाला आठवत असेल. बायको कर्करोगाने मरायला टेकली आहे. गावातल्या एका औषधवाल्याकडे औषध आहे. त्याला ते २०० डॉलरला पडलं, तो २,००० डॉलर मागतो. हाइन्झने इकडून तिकडून १,००० डॉलर जमवले. औषधवाला ऐकत नाही. हाइन्झने औषध चोरावं का, आणि का?

मी हा पेच वर्गात दिला होता. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चोरी कशाला? गावातली चार मोठी माणसं घेऊन त्याच्या घरी जायचं. त्याच्या बायकोशी बोलायचं. उरलेल्या पैशांची वर्गणी काढायची." मी पुस्तकाप्रमाणे फळ्यावर लिहिलं: पायरी तिसरी, नातेसंबंध आणि लोकांची मान्यता. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी अजून तिसरीतच का?"

तेव्हा मी हसले. पण तिचा प्रश्न बरोबर होता. तिला तिसरीत कोणी बसवलं?

आता शिडी कशी तयार झाली ते पाहू. कोलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठात प्रबंध सादर केला. त्यासाठी त्यांनी शिकागो परिसरातल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ जणांच्या मुलाखती घेतल्या. हे सगळे मुलगे होते. त्यांच्या उत्तरांवरून पायऱ्या ठरल्या. खाली शिक्षेची भीती आणि स्वतःचा फायदा, मधे चांगलं म्हणवून घेणं आणि कायदा-सुव्यवस्था, वर सामाजिक करार आणि वैश्विक तत्त्वं. मुलगे जसे मोठे झाले तशी शिडी वर गेली. मग ती शिडी सगळ्या माणसांना लावली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सुटू देऊ नका. नमुन्यात मुली नव्हत्या ही उणीव नंतर मुली घेऊन भरून काढता आली असती. पण गुणांकनाचे निकषच मुलग्यांच्या उत्तरांवर घडले होते. नंतर मुली आल्या तरी पट्टी तीच राहिली. १९६९ मध्ये कोलबर्ग आणि क्रेमर यांनी तर असं मांडलं, की तिसरी पायरी घरात राहणाऱ्या बायकांना पुरेशी ठरते. म्हणजे आधी पट्टी एका गटावर बेतायची, दुसरा गट त्यात बसला नाही की त्याला कमी म्हणायचं, आणि वर त्याचं कारण त्याच्या आयुष्यात शोधायचं.

याला उत्तर दिलं कॅरल गिलिगन यांनी. हार्वर्डमध्ये त्या कोलबर्ग यांच्याबरोबर काम करत होत्या. त्यांचं 'इन अ डिफरंट व्हॉइस' हे पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात जेक आणि एमी ही अकरा वर्षांची दोन मुलं आहेत. जेक म्हणतो, जीव पैशापेक्षा मोठा, चोरावं. तो ते जवळजवळ गणितासारखं सोडवतो. एमी म्हणते, चोरलं आणि तो तुरुंगात गेला तर बायकोची काळजी कोण घेणार? त्यांनी बोलून काही मार्ग काढावा. कोलबर्गच्या पट्टीवर एमी जेकच्या एक पायरी खाली येते. गिलिगन यांचं म्हणणं होतं, की एमी मागे पडलेली नाही, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते आहे. तिच्यासाठी हा हक्कांचा पेच नसून जबाबदारीचा आहे.

माझी विद्यार्थिनी आणि एमी किती सारखं बोलतात बघा. गिलिगन वाचल्यावर मला हायसं वाटलं. वाटलं, चला, उत्तर मिळालं. पण ते पूर्ण उत्तर नव्हतं.

रेचेल हेअर-मस्टिन आणि जीन मॅरेसेक यांनी १९८८ मध्ये दोन उपयोगी शब्द दिले, अल्फा पूर्वग्रह आणि बीटा पूर्वग्रह. फरक आहे त्यापेक्षा मोठा दाखवणं हा अल्फा, असलेला फरक पुसून टाकणं हा बीटा. कोलबर्ग यांनी मुलग्यांची उत्तरं सगळ्यांची मानली, हा बीटा. गिलिगन यांच्यावरचा आक्षेप अल्फाचा आहे. त्यांच्या पुस्तकातला एक महत्त्वाचा अभ्यास गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्या २९ स्त्रियांचा आहे. तो संवेदनशील आहे, वाचनीय आहे, पण त्याच तोडीच्या निर्णयासमोर उभा असलेला पुरुष त्यात नाही. मग हा आवाज बाईचा आहे की अडचणीत सापडलेल्या माणसाचा, हे कसं कळणार?

१९८४ मध्ये लॉरेन्स वॉकर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांत फरकच नव्हता. जिथे होता तिथे बऱ्याचदा शिक्षण आणि नोकरी सारखी नव्हती. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या पुरुषांची तुलना घरी असणाऱ्या बायकांशी केली होती. पुढे २००० मध्ये जॅफी आणि हाइड यांनी काळजीवर आधारित विचारासंबंधीचे ११३ अभ्यास एकत्र केले. स्त्रियांकडे झुकणारा फरक निघाला, पण छोटा. 'न्याय पुरुषांचा, काळजी बायकांची' अशी वाटणी त्या आकड्यांवर उभी राहत नाही.

आणि ही वाटणी निरुपद्रवी नाही. 'बायका मुळातच मायाळू असतात' हे कौतुक वाटतं. पण सासूच्या आजारपणात नोकरी कोणी सोडायची हे ठरवताना घरात हेच वाक्य येतं. आता त्याच्या पाठीशी शास्त्रही उभं राहतं.

आता संस्कृतीकडे येऊ. जोन मिलर आणि डेव्हिड बरसॉफ यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतलं न्यू हेवन आणि आपल्या शेजारचं म्हैसूर इथे एक अभ्यास केला. मुलांना आणि मोठ्यांना असे प्रसंग दिले, की एका बाजूला न्यायाचा नियम आहे आणि दुसऱ्या बाजूला जवळच्या माणसाप्रती कर्तव्य. उदाहरणार्थ, मित्राच्या लग्नाला अंगठ्या घेऊन पोचायचं आहे, पैसे चोरीला गेले आहेत, आणि समोर दुसऱ्याचं तिकीट दिसतंय. बहुसंख्य अमेरिकनांनी न्यायाला प्राधान्य दिलं. बहुसंख्य भारतीयांनी नात्याच्या कर्तव्याला. आणि भारतीयांनी ते 'लोक काय म्हणतील' म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून दिलं.

याचे दोन परिणाम होतात. एक, कोलबर्गच्या शिडीवर जे तिसऱ्या पायरीवर जातं, ते इथे तत्त्वाच्या पातळीवर बसतं. दोन, म्हैसूरमध्ये उत्तर देणारे पुरुषही होते. म्हणजे ज्याला बॉस्टनमध्ये 'बाईचा आवाज' म्हटलं, तो दुसऱ्या ठिकाणी पुरुषांचाही आहे. पहिल्या पूर्वग्रहाची दुरुस्ती अमेरिकेतच केली आणि अमेरिकेपुरतीच तपासली, म्हणून ती अर्धवट राहिली.

हे अपवादानं घडलेलं नाही. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा नियतकालिकं तपासली. ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, एकूण नमुन्यांपैकी ६८ टक्के एकट्या अमेरिकेतले. त्या देशांत तेव्हा जगातली सुमारे १२ टक्के माणसं राहत होती. आणि शोधनिबंधांच्या शीर्षकात मात्र 'माणूस' असतो, 'अमेरिकन विद्यार्थी' नसतो.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. पाश्चात्त्यांची शिडी खोटी, आपली नीती निराळी! थांबा जरा. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वरच्या मंदिराजवळच्या जुन्या वस्तीतला अभ्यास प्रसिद्ध केला. विधवेनं मासे खाणं हे तिथल्या लोकांना मोठं पाप वाटत होतं. अमेरिकनांना त्यात नीतीचा प्रश्नच दिसत नव्हता. श्वेडर यांनी त्या लोकांचा तर्क आदरानं मांडला. तो आदर मला पटतो. पण मला विचारायचं आहे, की 'त्या समाजाची नीती' म्हणताना त्या विधवेचं मत किती वजनाचं धरायचं? ते तिच्याही तोंडून आलं असेल, तर दुसरं काही बोलायची मुभा तिला होती का?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गिलिगन यांच्या पुस्तकाच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरचा खटला आणि त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांवर उठलेली टीका. त्या काळी कोणी प्रश्नावली घेऊन आलं असतं, तर 'मराठी समाजाची नीती' या सदरात ताराबाईंचं उत्तर सरासरीत बुडून गेलं असतं. संस्कृतीचा आदर करताना संस्कृतीला एकच तोंड आहे असं मानलं, की पुन्हा बीटा पूर्वग्रह होतो. फक्त या वेळी तो आपण करतो.

मग मोजूच नये का? असं माझं म्हणणं नाही. वॉकर यांनी मोजलं म्हणून गिलिगन यांची मर्यादा कळली. मिलर यांनी मोजलं म्हणून दोघांची कळली. जॉन स्नेअरी यांनी १९८५ मध्ये २७ संस्कृतींमधले ४५ अभ्यास पाहिले, तेव्हा खालच्या पायऱ्या बऱ्याच ठिकाणी सापडल्या, वरच्या मात्र खेड्यापाड्यांतल्या समाजांत जवळजवळ दिसल्या नाहीत. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. सामूहिक जबाबदारीतून येणारी तत्त्वं या पट्टीला ओळखता येत नाहीत, असं त्यांनी म्हटलं. शिडी पूर्ण मोडीत निघाली नाही, तिचा वरचा भाग कोणासाठी बांधला होता ते कळलं.

म्हणून पुढच्या वेळी 'संशोधनाने सिद्ध झालंय, की बायका अशा असतात, भारतीय तसे असतात' असं वाचलंत, तर तीन गोष्टी विचारा. कोणाला विचारलं? कोणतं उत्तर वरचं हे आधी कोणी ठरवलं? आणि कोणतं उत्तर कोणत्याच रकान्यात बसलं नाही?

त्या मुलीचं उत्तर माझ्याकडे अजून आहे. वर्गणी काढायची, चार माणसं घेऊन जायचं. ते तिसऱ्या पायरीचं नाही आणि सहाव्याचंही नाही. औषधाची किंमत हा एकट्या हाइन्झचा प्रश्न आहे, हे गृहीतकच ती मान्य करत नव्हती. मी तिला तेव्हा पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, 'आणि औषधवाल्याने तरीही नाही म्हटलं तर?' तो मी विचारला नाही, कारण माझ्या हातात खडू होता आणि फळ्यावर रकाना तयार होता.

इथे थांबते. तुमचे प्रश्न घेऊ या.