नामलेख आणि प्रतिमा: कनगनहळ्ळीच्या स्तूपावरील अशोक

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी असलेल्या सन्नती येथे १९८६ मध्ये चंद्रला परमेश्वरीच्या परिसरातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या पीठाची शिळा अशोकाचा आज्ञालेख असल्याचे उघड झाले. जवळच्याच कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बंगळूर मंडळाने केलेल्या उत्खननात एक ढासळलेला स्तूप सापडला. तेथील लेखांत त्याचे नाव ‘अधोलोक महाचैत्य’ असे येते. त्याच्या एका शिल्पपटावर राणी व सेविकांसह उभा असलेला राजा आहे आणि ब्राह्मी लिपीत ‘राया असोको’ हा नामलेख आहे. अशोकाचे ‘चित्र’ म्हणून या पटाचे स्वागत झाले. परंतु हा पट अशोकानंतर शतकांनी घडला. ते राजाचे रूप नव्हे, राजाची स्मृती आहे.

सन्नतीच्या आज्ञालेखात सम्राट स्वतः बोलतो, प्रजेविषयी पित्याच्या भूमिकेतून अधिकाऱ्यांना बजावतो. तेथे वाणी आहे, मुद्रा नाही. कनगनहळ्ळीत मुद्रा आहे, वाणी नाही. शासनकर्ता येथे श्रद्धेचा विषय झाला आहे. छत्र, चवऱ्या, राणी ही तर कोणत्याही राजाची चिन्हे. अशोकाला अशोकपण देतात ती केवळ अक्षरे. प्रतिमेचा अर्थ लेखावर अवलंबून असल्याने हा पट शिल्पाइतकाच वाङ्मयाचाही विषय ठरतो.

याच स्तूपावर सातकर्णी, मंतलक, सुंदर सातकर्णी, पुळुमावी या सातवाहन राजांचेही नामांकित पट आहेत. मंतलक आणि सुंदर ही नावे पुराणांतील वंशावळीत येतात, म्हणून हे पट त्या वंशावळीचा पुरावा मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. तो उपयोग रास्त आहे, पण अपुरा आहे. पुराणे राजांना कालक्रमात, राज्यवर्षांसह मांडतात; स्तूप त्यांना प्रदक्षिणा करणाऱ्याच्या वाटेवर मांडतो. त्या मांडणीत मौर्य अशोकही सातवाहनांच्या पंक्तीत बसतो. येथे नाते वंशाचे नाही, चैत्याशी असलेल्या संबंधाचे आहे. पट कोसळलेल्या अवस्थेत मिळाल्याने मूळ क्रम गृहीत धरून सलग कथानक रचण्याचा मोह मात्र टाळावा लागतो.

‘राया’ हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटतो. परंतु ही प्राकृत आजच्या मराठी-कन्नड सीमेपूर्वीची आहे. तिच्यावर एका भाषेचा हक्क सांगणे म्हणजे सर्वांसाठी कोरलेला नामलेख पुन्हा पीठाखाली गाडणे होय.