कौटिल्याचा नावध्यक्ष व वैनगंगेचे घाट

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील नावध्यक्षप्रकरण राजाच्या उत्पन्नाची एक याद म्हणून वाचलें जातें. आमच्या मतें हें वाचन अपुरें आहे. जुन्या चांदा जिल्ह्यांत (ज्यांतून १९८२ सालीं गडचिरोली वेगळा झाला) पावसाळ्यांत वैनगंगेचा घाट ज्यानें पाहिला, त्यास या प्रकरणाचा रोख लागलाच कळेल. घाट एक, डोंगे थोडे, आणि तीरावर माणसें, गुरें, गाड्या खोळंबलेल्या. अशा वेळीं नावाडी मागेल तें द्यावें लागतें.

म्हणून कौटिल्य दर बांधतो. लहान पशु व ओझें घेतलेला मनुष्य यांस एक माषक, डोक्यावर ओझें असल्यास किंवा गाय-घोड्यास दोन, उंट-म्हशीस चार, गाड्यास सात, महानदीवर दुप्पट. उतारूची ऐपत नव्हे, नावेंत अडणारी जागा हें येथील माप होय. मनूनें (अ. ८, श्लो. ४०४-४०६) भरल्या गाड्यांस मालाच्या मोलाप्रमाणें आकार सांगितला व लांबच्या जलमार्गास देशकालानुसार, कुल्लूक त्याचा अर्थ प्रवाहाचा वेग व ऋतु असा लावतो. प्राणहितेसारख्या नदीस कुल्लूकाचें म्हणणें अधिक लागू पडतें खरें. पण ऋतु कोणीं ठरवावा? नावाड्यानेंच, तर उतारू बुडाला.

स्पर्धेविषयीं कौटिल्य कडक आहे. अवेळीं वा घाट सोडून उतरणारास दंड. मात्र कोळी, लाकूड-गवत वाहणारे व स्वतःच्या साधनानें तरणारे यांस मोकळीक. मध्यप्रांतास लागू झालेल्या १८७८ च्या नौघाट कायद्याची ठेवण आश्चर्य वाटावें इतकी जवळची आहे: सरकारी घाटापासून दोन मैलांत परवानगीवांचून दुसरा उतार चालवूं नये, पण भाड्यानें न चालणाऱ्या नावेस ही बंदी नाहीं. ढिवराचा स्वतःचा डोंगा दोहोंकडे सुटला.

भेद मक्त्यांत आहे. त्या कायद्यानें घाटाचें उत्पन्न लिलांवानें देण्याची वाट ठेविली. दर बांधलेला आणि बोली चढलेली. मग मक्तेदारास एका खेपेस अधिक माणसें भरण्याचा मोह व्हावयाचाच. कौटिल्य म्हणतो कीं, माणसें वा साहित्य अपुरें असल्यानें किंवा डागडुजी न केल्यानें नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरावें. ज्याच्या हातीं दर, त्याच्याच माथीं भरपाई! केवळ उत्पन्नाची याद असती तर हें कलम येथें कशास आलें असतें?

आतां अनेक घाटांवर पूल झाले. चामोर्शी, मार्कंडा, सिरोंचा या बाजूच्या घराण्यांत घाटांच्या मक्त्याच्या कबुलायती वा दरपत्रकें असल्यास संग्राहकांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. निदान नक्कल मंडळाकडे धाडावी.