परभूमी, प्रेरणा आणि अभिप्रेत वाचक : विलास सारंग यांच्या निमित्ताने

परदेशी राहणाऱ्या मराठी लेखकाविषयी लिहिताना मराठी समीक्षा सहसा एकाच हानीची नोंद करते : लेखक आपल्या मातीपासून तुटतो, आणि म्हणून त्याचे लेखन क्षीण होते. या विधानात दोन वेगळे प्रश्न मिसळले गेले आहेत. लेखनाची प्रेरणा कोठून येते हा एक प्रश्न, आणि ते लेखन कोणाला उद्देशून केले जाते हा दुसरा. परभूमीवर या दोहोंची उत्तरे परस्परविरोधी असू शकतात. जो अनुभव लेखकाला लिहिते करतो, तोच त्याला घरच्या वाचकापासून दूर नेतो. विलास सारंग (१९४२–२०१५) यांचे लेखन या विरोधाचे मराठीतील एक ठळक उदाहरण आहे.

प्रवासवर्णनात हा विरोध निर्माणच होत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) घरचा वाचक सतत हजर असतो, परदेश त्याच्या ओळखीच्या मापांनी मोजला जातो आणि त्यातूनच विनोद व आत्मीयता निर्माण होते. निवेदक परत येणार आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. दिलीप चित्रे १९६० नंतर काही वर्षे इथिओपियात अध्यापक होते. त्या वास्तव्यावरील ‘शिबा राणीच्या शोधात’ या पुस्तकाच्या शीर्षकातच पाहण्यापेक्षा शोधण्यावर भर आहे. पाहुणा आणि रहिवासी यांच्यातील हा फरक महत्त्वाचा आहे. रहिवाशाला परक्या भूमीत नोकरी करायची असते, तेथील सत्तेच्या नियमांत राहायचे असते. नवलाई ओसरल्यानंतर जे उरते, ते त्याचे खरे द्रव्य होय.

सारंग हे या अर्थाने रहिवासी होते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात त्यांनी संशोधन केले आणि सत्तरीच्या दशकात इराकमधील बसरा येथे अध्यापन केले. ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी त्या भूमीतून आली. तिचे शीर्षकच येथे तपासण्यासारखे आहे. एन्की हा सुमेरियन देव. भूगर्भातील गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा अधिपती. त्याचे एरिडू हे नगर दक्षिण इराकमध्येच होते. मराठी वाचकाच्या स्मृतीत या नावाला कोणतेही स्थान नाही. तरीही सारंग त्याच्या जागी एखादी परिचित देवता योजत नाहीत. शिवाय ‘राज्य’ या एकाच शब्दात पुराणातील देवाची सत्ता आणि विसाव्या शतकातील हुकूमशाही या दोन्ही एकत्र येतात. परभूमीने लेखकाला येथे सत्तेकडे पाहण्याचा एक आकृतिबंध दिला. केवळ पार्श्वभूमीवर तो थांबला नाही.

मग हे वाचावे कोणी? सारंगांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लेखन केले. ‘सोलेदाद’ (१९७५) हा त्यांचा मराठी कथासंग्रह. ‘फेअर ट्री ऑफ द व्हॉइड’ (१९९०) हा इंग्रजी. त्यांच्या कथा इंग्लंड-अमेरिकेतील वाङ्मयीन नियतकालिकांतूनही प्रसिद्ध झाल्या. याकडे केवळ वाचकसंख्या वाढवण्याचा मार्ग म्हणून पाहता येणार नाही, कारण दोन वाचकांकडून एकच कथा उलट दिशांनी प्रयत्न मागते. गणेशमूर्तीच विसर्जनाविरुद्ध बंड करतात, ही त्यांची कल्पना घ्या. मराठी वाचकाला विसर्जन लहानपणापासून ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने कथा परिचिताला अपरिचित करते. इंग्रजी वाचकाला मिरवणूकही नवी आणि बंडही नवे. त्याला आधी रूढी समजावी लागते, तेव्हाच तिचा भंग जाणवतो. ज्या धक्क्यावर कथा उभी आहे, तो भाषांतरात आपोआप पोहोचत नाही.

याच १९८३ सालाच्या सुमारास भालचंद्र नेमाडे यांनी साहित्यातील देशीयतेची भूमिका मांडली. नेमाडे स्वतः काही काळ लंडन येथे अध्यापक होते, हे येथे लक्षात ठेवावे. परदेशवास दोन लेखकांना दोन विरुद्ध निष्कर्षांकडे नेऊ शकतो. देशीयतेच्या निकषावर सारंग उणे ठरतात, आणि त्यात तथ्यांश आहे. त्यांच्या गद्यात बोलीची ऊब कमी आहे, वाक्ये कोरडी आणि नेमकी आहेत. मात्र हा दोष ठरवण्याआधी त्याचे कारण पाहायला हवे. जी भाषा भोवती बोलली जात नाही, फक्त कागदावर भेटते, तिचे वळण असे होणे स्वाभाविक आहे. त्या भाषेतून एकाकीपणाचा आणि भयाचा जो अनुभव आला, तो बोलीच्या ओघात आला असता का, हा खरा समीक्षाप्रश्न आहे.

चित्रे यांनी वेगळा मार्ग धरला. ‘सेज तुका’मधून (१९९१) तुकारामांना इंग्रजीत नेताना त्यांनी आपली परंपराच परक्या वाचकापुढे ठेवली. तेथे वाचक घडवण्याच्या कामात साडेतीनशे वर्षांची कविता पाठीशी होती. सारंगांना असा आधार नव्हता. त्यांचा वाचक त्यांच्या कथांनीच, एकेक करून, घडवावा लागला. तो संख्येने मर्यादित राहिला, हे मान्य करायला हवे.

आज परदेशस्थ मराठी लेखकाला घरचा वाचक क्षणात गाठता येतो. ही सोय मोठी आहे, आणि तिच्यात एक धोकाही आहे. वाचक इतका जवळ असला की त्याच्या स्मरणरंजनाची गरज भागवणे सोपे होते, आणि तो जेथे राहतो तेथील सत्ता, श्रम, वंशभेद यांविषयीचे लेखन मागे पडते. ग्रामीण, दलित, महानगरी अशा आपल्या प्रचलित वर्गवारीत अशा लेखनाला जागा नसल्यामुळे समीक्षाही त्याची मागणी करत नाही. सारंगांच्या कादंबरीकडे नव्याने वळण्याचे प्रयोजन हेच आहे : बसऱ्यातील भय मराठीत लिहिले गेले होते, आणि ते वाचण्यास लागणारी परिभाषा आपण अजून पुरेशी तयार केलेली नाही.