खासगी आवारातील वृक्ष आणि नागरी वृक्षकायदा : एक चिकित्सा

प्रस्तावना

नागरीकरणाच्या रेट्यात वृक्षांचे संरक्षण हा विषय प्रामुख्याने सार्वजनिक जागांच्या संदर्भात चर्चिला जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईतील आरे येथे झालेल्या वृक्षतोडीने हा विषय राज्यभर पोहोचविला. मात्र वास्तवाची दुसरी बाजू आकडेवारीतून दिसते. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या वृक्षगणनेनुसार शहरातील झाडांची संख्या सुमारे २९ लाख ७५ हजार होती. त्यांपैकी सुमारे १५ लाख ६३ हजार झाडे खासगी आवारांत होती, तर रस्त्यांच्या कडेची झाडे दोन लाखांहूनही कमी होती. म्हणजेच शहराची निम्म्याहून अधिक वृक्षसंपदा गृहनिर्माण संस्थांच्या, बंगल्यांच्या आणि चाळींच्या कुंपणाआड आहे. तिचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ ची खासगी मालकीच्या झाडांपुरती चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'तोडणे' या संज्ञेची व्याप्ती

या अधिनियमाचे मोल प्रथम मान्य केले पाहिजे. झाड स्वतःच्या मालकीचे असले, तरी ते पूर्वपरवानगीशिवाय तोडता येणार नाही, हे तत्त्व कलम ८ ने प्रस्थापित केले. जमीन खासगी असली तरी झाडाची सावली, त्यावरील पक्षी आणि त्याने शुद्ध केलेली हवा खासगी नसते, ही जाणीव त्यामागे आहे. वृक्ष अधिकाऱ्याने केलेली पाहणी, झाडावर लावलेली सूचना आणि नागरिकांच्या हरकती या टप्प्यांमुळे झाडाला जणू बाजू मांडण्याची संधी मिळते.

अडचण सुरू होते ती व्याख्येपासून. अधिनियमातील 'झाड तोडणे' या संज्ञेत झाड जाळणे, कापणे किंवा त्यास कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे यांचाही समावेश होतो. मुळांवर घाव घालून झाड हळूहळू मारण्याचा मार्ग बंद करणे, हा या व्यापकतेचा लाभ होय. परंतु त्याच व्यापकतेमुळे छपरावर झुकलेली फांदी छाटणे आणि पूर्ण वाढलेला आम्रवृक्ष भुईसपाट करणे, ही दोन्ही कृत्ये एकाच संज्ञेखाली येतात. जोपासना आणि संहार यांत कायद्याच्या भाषेने पुरेसा भेद केलेला नाही.

याउलट, बुंध्याभोवती सिमेंट ओतून वा फरशी बसवून झाडाचा श्वास कोंडणे ही व्याख्येनुसार इजाच होय. तरी प्रत्यक्षात ती इजा म्हणून क्वचितच ओळखली जाते. कुऱ्हाडीचा आवाज शेजाऱ्यांच्या कानी पडतो, काँक्रीटचा पडत नाही. झाड काही वर्षांनी वाळते, तेव्हा 'मृत झाड' म्हणून ते काढण्याचा रीतसर अर्ज दाखल होतो.

अधिकार एकाकडे, जबाबदारी दुसऱ्याकडे

खासगी झाडांबाबत निर्णयाचा अधिकार महापालिकेकडे आहे. छाटणीचा खर्च, धोका आणि नैतिक उत्तरदायित्व मात्र मालकाकडे. पावसाळ्यापूर्वी गृहनिर्माण संस्थांना धोकादायक फांद्यांच्या छाटणीबाबत सूचना दिल्या जातात. प्रशिक्षित कामगार कोठून आणावेत आणि कोणती फांदी कशी कापावी, हा भार संस्थेच्या मानद पदाधिकाऱ्यांवर पडतो. परिणामी छाटणीच्या नावाखाली झाडाचा समतोल बिघडविला जातो आणि तेच झाड पुढील वादळात कोसळते.

जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे नारळाचे झाड कोसळून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची मागणी आधीच झाली होती, या वृत्ताने तेव्हा मोठी अस्वस्थता निर्माण केली. परवानगी नाकारणाऱ्या यंत्रणेने त्या झाडाचे पुढे काय करावे, हा प्रश्न या घटनेने उभा केला. परवानगी नाकारणे हा संरक्षणाचा शेवट नव्हे, तो देखभालीचा आरंभ असावयास हवा.

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. विकासकाकडे वास्तुविशारद, सल्लागार आणि अर्जाचा पाठपुरावा करणारी माणसे असतात. परसात एकच जुना फणस असलेल्या वृद्ध मालकाकडे यांपैकी काहीच नसते. झाडे राखण्याची खरी इच्छा असलेल्यालाच प्रक्रिया अधिक जाचक वाटावी, हा यातील विरोधाभास आहे.

दुरुस्त्यांची दिशा

२०१८ च्या दुरुस्तीने २५ पर्यंतच्या झाडांबाबत निर्णयाचा अधिकार आयुक्तांकडे दिला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी वारसा वृक्षाची संकल्पना आणली, तसेच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे तत्त्व स्वीकारले. एका महावृक्षाची भरपाई एका रोपाने होत नाही, हे यात प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले. वयाला मूल्य देणारी ही दृष्टी स्वागतार्ह आहे.

तथापि चाळीस वर्षांच्या झाडासाठी चाळीस रोपे लहान भूखंडावर कोठे लावावीत, याचे उत्तर मालकाकडे नसते. शिवाय वयाबरोबर बंधने वाढत असतील आणि साहाय्य वाढत नसेल, तर झाड वाढण्यापूर्वीच ते काढून टाकण्याचा किंवा वड, कडुनिंबाऐवजी शोभेची झुडपे लावण्याचा मोह संभवतो. अशा वेळी कायदा न मोडताही त्याच्या हेतूचा पराभव होतो. परवानगी कोणी द्यावी आणि मोबदल्यात किती रोपे लावावीत, याभोवतीच दुरुस्त्यांचा मुख्य भर राहिला. उभे झाड कसे सांभाळावे, हा प्रश्न मागे पडला.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, हा अधिनियम खासगी मालकाकडे संभाव्य दोषी म्हणून पाहतो, विश्वस्त म्हणून नाही. म्हणून छाटणीची तोडीपासून स्वतंत्र व्याख्या व्हावी आणि वाळलेल्या फांद्यांसाठी साधी पूर्वसूचना पुरेशी मानावी. परवानगी नाकारताना लेखी कारणांसह देखभालीचा उपाय सुचविणे प्राधिकरणावर बंधनकारक असावे. जुनी झाडे राखणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत आणि अल्प शुल्कात तज्ज्ञ तपासणी मिळावी. बुंध्याभोवतीची मोकळी माती ही इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राची अट व्हावी.

दंडाच्या भयाने झाड काही काळ उभे राहू शकेल. ते पिढ्यान्‌पिढ्या उभे राहण्यासाठी मात्र मालकाला त्याचे ओझे वाटता कामा नये.