मानुएल दे फाया : रंगाकडून रेषेकडे

मानुएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराची जगभर सर्वांत अधिक वाजविली जाणारी रचना म्हणजे ‘अग्निनृत्य’. १९१५ साली माद्रिद येथे सादर झालेल्या ‘एल आमोर ब्रुहो’ या जिप्सी कथेवरील नृत्यनाट्याचा हा एक तुकडा. पण तो मूळ कृतीपासून सुटला आणि एकटाच दिग्विजयास निघाला. व्हायोलांच्या थरथरत्या स्वरांवर उठणारी ओबोची धून आणि लयीचा तो हट्ट श्रोत्यास पकडून ठेवतात, यात संशय नाही. परंतु एवढ्यावरून फायाची पारख व्हावी, हे आम्हांस मान्य नाही.

त्याचा जन्म १८७६ चा, अंदालुसियातील काडिझ या बंदरगावचा. फेलिपे पेद्रेल हा त्याचा गुरू लोकगीतांचा जसा संग्राहक, तसाच स्पेनच्या जुन्या धर्मसंगीताचाही अभ्यासक होता. या दोन्ही ओढी शिष्यात उतरल्या. दुसरी मात्र प्रकट व्हावयास फार वर्षे लागली. ‘ला विदा ब्रेवे’ या संगीतिकेस १९०५ साली माद्रिदच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, पण ती रंगभूमीवर आली १९१३ साली, आणि तीही फ्रान्सातील नीस येथे!

१९०७ ते १९१४ हा काळ फायाने पॅरिसमध्ये काढला. तेथे देब्युसीच्या सहवासात त्याने जे पाहिले ते विलक्षण होते. देब्युसीने स्पेनमध्ये उणेपुरे काही तास घालविले असतील. तरीही ग्रानाडाच्या संध्याकाळीवरील त्याच्या पियानोरचनेत, लोकगीताची एकही ओळ उसनी न घेता, अंदालुसिया साक्षात् उभी राहते, असे फायाने स्वतः पुढे लिहिले. चाली उचलल्याने देशीपण येत नाही, हा धडा परक्याकडून मिळावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

१९२० च्या सुमारास तो ग्रानाडास स्थायिक झाला. अंदालुसियाचे प्राचीन ‘कान्ते होन्दो’ गायन बाजारू होत चालले आहे, या चिंतेने त्याने कवी लोर्का व इतर स्नेह्यांसह जून १९२२ मध्ये आल्हाम्ब्रा येथे त्याची स्पर्धा भरविली. त्या निमित्ताने लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने या गायनाची लक्षणे सांगितली आहेत : स्वरांमधील सूक्ष्म अंतरे, मर्यादित स्वरक्षेत्र, एकाच स्वरावर पुनःपुन्हा परतणे, भावाच्या भरातच येणारे अलंकरण. त्याची मुळे शोधताना बायझंटाइन धर्मगीते व अरबांबरोबर पूर्वेकडून आलेल्या जिप्सींचाही तो विचार करतो. श्रुती आणि मींड यांत वाढलेल्या आपल्या कानांस येथे ‘हे तर आमचेच!’ असे म्हणण्याचा मोह होणार. तो आवरावा. जिप्सींचे मूळ भारतात असले, तरी कान्ते होन्दो घडले ते अंदालुसियाच्या मातीत.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. ज्या गायनासाठी तो एवढा झटला, त्याचा रंग त्याने आपल्या मोठ्या कृतींतून जवळजवळ काढूनच टाकला. १९२३ सालच्या ‘एल रेताब्लो दे माएसे पेद्रो’ या बाहुल्यांच्या खेळात कथा सांगणारा मुलगा दवंडी पिटणाऱ्याच्या सपाट सुरात गातो. डॉन किहोते मात्र खेळास खरे मानून बाहुल्यांवर तलवार चालवितो. १९२६ सालचा हार्प्सिकॉर्ड कॉन्चेर्तो त्याहूनही मितव्ययी आहे. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि हार्प्सिकॉर्ड एवढीच वाद्ये, आणि सारा खेळ पाव तासाचा. पहिल्या भागात सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश गीताचे धागे आहेत. दुसऱ्या भागात धर्मयात्रेचे गांभीर्य आहे. अग्निनृत्याच्या चाहत्यांस ही रचना रुक्ष वाटते. आमच्या मते फायाची सर्वश्रेष्ठ कृती हीच. येथे स्पेन दाखविला जात नाही. तो ऐकू येतो.

पुढे लोर्काची १९३६ साली हत्या झाली. १९३९ साली फायाने देश सोडला, आणि १९४६ साली आर्जेंटिनातील आल्ता ग्रासिया येथे त्याचा अंत झाला. शेवटची सुमारे वीस वर्षे ज्या ‘अटलांटिडा’वर तो काम करीत होता, ती अपुरीच राहिली. त्याचा शिष्य एर्नेस्तो हाल्फ्तेर याने ती पुरी केली व १९६२ साली मिलानच्या स्काला नाट्यगृहात ती रंगली. हाल्फ्तेरची निष्ठा वादातीत आहे. परंतु एकेक स्वर गाळून लिहिणाऱ्याच्या कृतीत दुसऱ्याने स्वर भरावेत, ही गोष्ट आम्हांस खटकते.