चौकट बसली, मग पुढे काय? 'कोसला' आणि वीराचा प्रवास

साहित्यात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या वहीत एक तक्ता असतो. डावीकडे जोसेफ कॅम्बेलने सांगितलेले वीराच्या प्रवासाचे टप्पे, उजवीकडे आपल्या कादंबरीतले प्रसंग. प्रत्येक टप्प्यापुढे काहीतरी सापडलं की वाटतं, चला, एक प्रकरण झालं! माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही असाच तक्ता होता. गाईडनी तो वाचून एवढंच विचारलं, "बसली चौकट. मग?" त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज त्याबद्दलच बोलू, आणि उदाहरण आपल्या जळगाव जिल्ह्यातलंच घेऊ.

आधी चौकट थोडक्यात. कॅम्बेलचं 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' १९४९ साली आलं. जगभरच्या पुराणकथांमध्ये त्याला एकच सांगाडा दिसला: नायक घर सोडतो, अनोळखी जगात कसोटीला उतरतो आणि काहीतरी मोलाचं घेऊन परततो. प्रस्थान, दीक्षा आणि परतणं असे तीन भाग, त्यात मिळून १७ टप्पे. नायक जे आणतो ते त्याच्या एकट्याचं नसतं, त्याच्या माणसांना त्याचा उपयोग होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता एरंडोलला चला. स्थानिक परंपरा एरंडोलला महाभारतातली एकचक्रानगरी मानते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव तिथे ब्राह्मणाच्या घरी लपून राहिले आणि गाडाभर अन्न घेऊन गेलेल्या भीमाने बकासुराला मारलं. जवळच्या पद्मालयाच्या जंगलातलं भीमकुंड दाखवून लोक ही गोष्ट आजही सांगतात. गोष्ट कॅम्बेलच्या चौकटीत चपखल बसते. पण या प्रवासात खानदेश कुठे आहे? मधल्या टप्प्यावर. नायक बाहेरून येतो, राक्षस मारतो आणि पांचालाकडे निघून जातो. गावाने उत्सव केला एवढं सांगून महाकाव्यही त्याच्याबरोबर पुढे सरकतं.

तापी ओलांडली की यावल तालुक्यात सांगवी लागतं. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म इथला, १९३८चा. त्यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर. इथे खानदेश मधला टप्पा नाही, प्रवासाची दोन्ही टोकं आहे. पांडुरंग गाव सोडून पुण्याला कॉलेजात जातो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, वाचन, भटकणं यांतून जातो आणि शिक्षण अर्धवट टाकून सांगवीला परततो. प्रस्थान आहे, कसोट्या आहेत, परतणंही आहे. तक्ता भरायला पाच मिनिटं पुरतात.

पण तक्ता बाजूला ठेवून तीन गोष्टी तपासा.

पहिली, देणं-घेणं कुठून कुठे जातं? महाकाव्यात मोलाची वस्तू बाहेरून घराकडे येते. 'कोसला'त पैसा घरून पुण्याला जातो. वडिलांच्या शेतीतून आलेला पैसा मुलगा शहरात खर्चून टाकतो आणि रिकाम्या हातांनी परततो. बाप-लेकातला ताण केवळ स्वभावांचा नाही, त्यात हा हिशेबही आहे.

दुसरी, मृत्यू कुठे भेटतो? पुराणकथेतला नायक पाताळात उतरतो, म्हणजे मृत्यू त्याच्या वाटेवर असतो. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते ती घरी, तो पुण्यात असताना. कादंबरीतला सगळ्यात खोल घाव नायकाच्या वाटेवर नाहीच, तो त्याच्या मागे, त्याच्या गैरहजेरीत होतो. शहरात त्याने काहीही जिंकलं असतं तरी ही हानी भरून निघाली नसती.

तिसरी, सांगतं कोण? वीराची गाथा सहसा दुसरं कोणीतरी गातं: सूत, भाट, शाहीर. पराक्रमाला साक्षीदार लागतो. इथे पंचविशीतला पांडुरंग स्वतःच स्वतःबद्दल बोलतो, तेही स्वतःची टर उडवत. त्याची कीर्ती गाणारं कोणी नाही आणि गाण्याजोगं काही घडलं असं त्यालाही वाटत नाही.

इथे कोणी म्हणेल, "कॅम्बेलच्या यादीत परतायला नकार देणारा नायकही आहेच की!" आहे. पण तो नकार देतो तेव्हा वरदान त्याच्या हातात असतं. पांडुरंग नकार देत नाही, आणि त्याच्या हातात काही नाही. चौकट इथे अडते, आणि तुमचं प्रकरण इथून सुरू व्हायला हवं.

आता संस्कृत काव्यशास्त्राकडे वळू, कारण महाकाव्याच्या संकेतांची यादी आपल्याकडेही आहे. दंडीच्या 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणं येतात: आरंभी आशीर्वाद, नमस्कार किंवा विषयाचं सूचन, चतुर आणि उदात्त नायक, नगर-सागर-पर्वत-ऋतूंची वर्णनं, दूत, स्वारी, युद्ध आणि शेवटी नायकाचा अभ्युदय. आपण ही यादी परीक्षेसाठी पाठ करतो. पण दंडी लगेच पुढे म्हणतो, यातली काही अंगं कमी असली तरी काव्य बिघडत नाही, जे आहे त्याने जाणकारांचं समाधान झालं म्हणजे पुरे. म्हणजे यादी देणारा स्वतःच सांगतो की टिकमार्क मोजत बसू नका.

या यादीशी 'कोसला' ताडून पाहिली की नायक उदात्त नाही आणि अभ्युदयही नाही, हे लगेच दिसतं. मग मोह होतो लिहायचा की नेमाड्यांनी महाकाव्याची परंपरा मोडली. थांबा. कोणती परंपरा? नवव्या शतकातला आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात महाभारताचा मुख्य रस शांत मानतो. त्याचं कारण महाभारताच्या शेवटात आहे: यादवांचा आणि पांडवांचा शेवट मनाला विषण्ण करणारा आहे आणि तो वैराग्याकडे नेतो. युद्ध जिंकून मिळालेलं राज्य युधिष्ठिराला नकोसं होतं. म्हणजे रिकाम्या हातांनी संपणारा प्रवास आधुनिक कादंबरीने शोधलेला नाही. 'कोसला' दंडीच्या अभ्युदयापासून लांब आहे, पण आनंदवर्धनाने वाचलेल्या महाभारतापासून तितकी लांब नाही. फरक एवढाच की युधिष्ठिर जिंकून रिकामा होतो आणि पांडुरंग काहीही न जिंकता. माझ्या मते 'कोसला'चं वेगळेपण शोधायचं तर या फरकात.

नेमाड्यांनी हा प्रश्न पुढेही सोडला नाही. 'हिंदू' (२०१०) मधला खंडेराव पुरातत्त्वाचा संशोधक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या मोरगावला निघतो. 'कोसला'त जे परतणं शेवटी येतं त्यावर इथे अख्खी कादंबरी उभी आहे. नायक संशोधकच आहे हे वाचताना आपल्याला जरा टोचतं, आणि टोचायला हवं. धुळे-जळगावकडून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या कोणाला घरी गेल्यावर "मग, काय मिळालं?" हे ऐकावं लागलेलं नाही? प्रवासातून काय आणलं हे ठरवतं कोण, नायक की घर, हा प्रश्न कॅम्बेलच्या तक्त्यात नाही. तो तुम्हाला बाहेरून घालावा लागेल.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा. तक्ता जरूर काढा, पण तो टिपणवहीत राहू द्या, प्रबंधात नको. जे टप्पे सहज भरले गेले त्यांवर एक परिच्छेद पुरे. जी जागा रिकामी राहिली किंवा ओढूनताणून भरावी लागली, तिच्यावर बोट ठेवा आणि विचारा: इथे कृती कमी पडते आहे, की चौकटीने काहीतरी गृहीत धरलं आहे? 'कोसला'पुरतं माझं उत्तर असं: चौकटीने गृहीत धरलं की घर जागच्या जागी, जसंच्या तसं वाट बघत उभं असतं. सांगवीत तसं नव्हतं. मनी गेली होती.